गळ्याची आग : सहा आठवड्यांच्या नोंदी

२ फेब्रुवारी, सोमवार. रात्री ९

सकाळी उठायला उशीर झाला. अंघोळीआधीच दाढी उरकली. ब्लेड जुनं होतं, कधी बदललं ते आठवतही नव्हतं. साबण नीट फेसायला वेळ नाही, म्हणून तोंडावर पाणी मारलं आणि सुरू केलं. गालांवर निभावलं. गळ्यावर मात्र रेझर अडखळायला लागला, केस कापले जाण्याऐवजी ओढले जात होते. तरी जबड्याखाली खालून वर तीन-तीनदा उलटा हात मारला. शेवटी आफ्टरशेव्ह थोपटलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

मग आठ तास पेंट शॉपमध्ये, म्हणजे रंगकामाच्या विभागात. रंग फवारायच्या खोलीत, स्प्रे बूथमध्ये, नाक-तोंड झाकणारा हाफ मास्क लावल्याशिवाय जाता येत नाही, आणि मास्कची रबरी कड कातडीला घट्ट बसायची तर तिच्याखाली खुंट चालत नाहीत. खुंटांमधून हवा आत शिरते आणि हवेबरोबर थिनरची वाफ. त्यामुळे 'वाढव की दाढी' हा सल्ला माझ्या कामाचा नाही. आठवड्यातले पाच दिवस दाढी करावीच लागते.

आत्ता आरशासमोर उभा आहे. कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढा लाल पट्टा. कॉलर लागली तरी हुळहुळतंय. डाव्या जबड्याखाली सात-आठ बारीक पुटकुळ्या आणि दोन जागी रक्ताचे सुकलेले ठिपके.

हे काही आजचं नाही. गेली कित्येक वर्षं महिन्यातून दोनदा तरी असं होतं आणि दर वेळी मी काहीतरी फासून विसरून जातो. आमच्याकडे रंगाच्या प्रत्येक बॅचची नोंद ठेवतात. कुठली गन, किती दाब, किती पातळ, काय बिघडलं, सगळं. माझ्या गळ्याची अशी नोंद मी कधीच ठेवली नाही. आजपासून ठेवतो. आग, लाली आणि पुटकुळ्या या तिन्हींना रोज रात्री ८ वाजता ० ते ५ गुण. त्याच दिव्याखाली, तेवढ्याच अंतरावरून फोटो.

आजचे गुण : आग ५, लाली ५, पुटकुळ्या ३.

आज एवढंच केलं. स्वच्छ मऊ फडकं थंड पाण्यात बुडवून, पिळून दहा मिनिटं गळ्यावर ठेवलं. गरम झालं की पुन्हा बुडवलं. बर्फ थेट लावला नाही, सोललेल्या कातडीला त्याने आणखी इजा होते. मग न चोळता टिपून घेतलं आणि ओल असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर पातळ लावलं. बायको म्हणाली, "आता हात नको लावूस त्याला." सारखा हात तिकडे जातोय खरा.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सुपरवायझरना गळा दाखवला. त्यांनी काही न विचारता आठवडाभर स्टोअरचं काम दिलं. मास्क नाही, म्हणून दाढी नाही. मनापासून आभार मानले.

जेवणाच्या सुट्टीत नक्की काय झालंय ते वाचत बसलो. कातडीचा सगळ्यांत वरचा थर मृत पेशींचा असतो, पंधरा-वीस पदरांचा. त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाएवढी. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली चरबी म्हणजे सिमेंट, अशी ही भिंत आतलं पाणी आत आणि बाहेरचं बाहेर ठेवते. रेझर केसाबरोबर या भिंतीचे वरचे पापुद्रेही खरवडतो. धारदार ब्लेडने एकदाच हात फिरवला तर थोडे, बोथट ब्लेडने तीनदा फिरवला तर बरेच. मग आतली ओल उडून जाते, आणि एरवी निरुपद्रवी वाटणारा साबण, घाम, सुगंध थेट आत पोचून झोंबतो. ही भाजल्यासारखी आग म्हणजे त्या उघड्या पडलेल्या कातडीची सूज. भिंत पुन्हा बांधली जायला दिवस लागतात. तोवर तिथे काय लावायचं यापेक्षा काय लावायचं नाही हे जास्त महत्त्वाचं आहे, असं मला आज पहिल्यांदा वाटलं.

आफ्टरशेव्हचंही कोडं सुटलं. नसांच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचं एक प्रथिन असतं. तापमान साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते मेंदूला 'भाजतंय' असा निरोप धाडतं. अल्कोहोल लागलं की हा उंबरठा ३४ अंशांच्या आसपास उतरतो. म्हणजे कातडीची स्वतःची ऊबच तिला चटका वाटायला लागते. इतकी वर्षं मी समजत होतो की झोंबतंय म्हणजे जंतू मरतायत, काम होतंय. बाटली कपाटात मागे सरकवली. मेंथॉलचं जेलही तिच्या शेजारी ठेवलं. ते थंड ओळखणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला चाळवतं, म्हणून गार वाटतं. कातडी काही त्याने गार होत नाही, आणि सोललेल्या जागी तेही चुरचुरतं.

आग ३, लाली ४, पुटकुळ्या ४. दुसऱ्या दिवशी पुटकुळ्या वाढल्या, याची नोंद.

४ फेब्रुवारी, बुधवार

स्टोअरमध्ये दिवसभर माणसांची ये-जा. प्रत्येकाने गळा पाहिला आणि प्रत्येकाकडे उपाय होता. सगळे मायेने सांगत होते, म्हणून प्रत्येकाचं नीट ऐकून घेतलं आणि घरी येऊन एकेक तपासलं.

लिंबू : नाही. त्याची आम्लता इतकी तीव्र की उघड्या कातडीवर आगीत तेल. शिवाय लिंबाच्या रसातली काही द्रव्यं कातडीवर असताना ऊन लागलं तर एक-दोन दिवसांनी फोड येऊ शकतात आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात.

टूथपेस्ट : नाही. मेंथॉल, फेस आणणारी रसायनं आणि घासायची पूड, तिन्ही नकोच.

तुरटी : हिच्याबद्दल मला आदर आहे. तुरटी प्रथिनं गोठवते, म्हणून ब्लेड लागून आलेलं रक्त पटकन थांबवते. एखाद्या छेदावर टोक ओलं करून टेकवायला तिच्याइतकं सोपं काही नाही. पण ती आकसवते आणि कोरडं करते. सबंध लाल पट्ट्यावर फिरवायची ती वस्तू नव्हे.

ट्यूब : एका सहकाऱ्याने खिशातून क्रीमची अर्धी ट्यूब काढून दिली. "दोन दिवसांत साफ होतं बघ. मी कायम हेच लावतो." घटक वाचले. तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक, तिन्ही एकात. लाली दोन दिवसांत जाईल हे खरंच आहे, स्टेरॉइड सूज दाबतंच. पण चेहऱ्याची कातडी पातळ असते. तिथे असली क्रीमं आठवडेच्या आठवडे लावली की ती आणखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पुरळ उठतं, आणि थांबवलं की दुप्पट लाली उसळते. मग माणूस पुन्हा तीच ट्यूब घेतो. हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य स्टेरॉइड थोडे दिवस लावायला डॉक्टर सांगतात ते वेगळं, ही ट्यूब वेगळी. मी परत दिली. 'कायम' हा त्याचा शब्द डोक्यातून जात नाही. उद्या त्याच्याशी नीट बोलणार आहे.

आग २, लाली ३, पुटकुळ्या ४.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आग गेली, खाज सुरू झाली. कंठमण्याजवळ बारीक पापुद्रे सुटतायत. नख लावलं नाही. खाज सुटली की थंड फडकं. मॉइश्चरायझर सकाळ-संध्याकाळ.

सहकाऱ्याशी बोललो. ऐकून घेतलं त्याने. एकदम बंद न करता आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखव म्हटलं.

आग ०, लाली २, पुटकुळ्या ४. पुटकुळ्या हटत नाहीत म्हणजे त्यांचं कारण वेगळं असणार.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज सुट्टी, भरपूर उजेड आणि मुलाचं भिंग. डाव्या जबड्याखालच्या पुटकुळ्या एकेक करून पाहिल्या. पाचांपैकी तिघींत कातडीखाली एक काळसर कमान दिसते. केस बाहेर येऊन वळून पुन्हा आत घुसलाय, किंवा बाहेर आलाच नाही, आतल्या आत वाढतोय. शरीर त्याला काट्यासारखं परकं समजतं आणि भोवती सूज आणतं.

आता माझं रेझर आठवलं. पाच पात्यांचं कार्ट्रिज. पहिलं पातं केस कापता कापता त्याला मुळातून थोडा वर ओढतं, तो परत आत जायच्या आत मागचं पातं आणखी खालून कापतं. गुळगुळीत दाढीचं रहस्य हेच. पण कापलेलं तिरकस टोक मग कातडीच्या पातळीखाली जाऊन बसतं आणि वाढताना बाजूलाच शिरतं. कुरळ्या केसांच्या माणसांना हा त्रास फार होतो. माझे डोक्याचे केस सरळ आहेत, पण गळ्याचे भिंगातून पाहिले तर चांगले वळणदार निघाले.

केस सुईने उकरायचा मोह झाला. नाही उकरला. काही दिवस वाढू दिला की बरेचसे आपोआप मोकळे होतात. रात्री कोमट फडकं पाच मिनिटं, एवढंच.

८ फेब्रुवारी, रविवार

या सबंध प्रकल्पातला सगळ्यांत उपयोगी तास आज गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

सहा दिवसांचे खुंट आहेत. कागदावर चेहऱ्याची आणि गळ्याची रेघाकृती काढली. डोळे मिटून बोटाची टोकं कातडीवरून चारही दिशांना फिरवली. ज्या दिशेने मऊ लागतं ती केसांची दिशा, खरखरतं ती उलटी. प्रत्येक जागी कागदावर बाण.

गालांवर बाण सरळ खाली. ओठावर खाली. हनुवटीवर खाली. इथवर मला माहीत होतं. उजव्या जबड्याखाली बाण खालून वर निघाले! म्हणजे मी जिथे 'सुलटा' म्हणून वरून खाली हात मारायचो, तो तिथे उलटा पडत होता. कंठमण्याच्या बाजूला बाण आडवे, कानाकडे जाणारे. आणि डाव्या जबड्याखाली, बरोबर जिथे दर वेळी पुटकुळ्या येतात तिथे, चक्क भोवरा. डोक्यावर असतो तसा. नाण्याएवढ्या जागेत केस गोल फिरलेत. तिथे कुठल्याही दिशेने गेलं तरी अर्धे केस उलटे कापले जाणार.

पंचवीस वर्षं दाढी करतोय आणि माझ्या गळ्यावर भोवरा आहे हे मला ठाऊक नव्हतं. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

आग ०, लाली १, पुटकुळ्या ३.

९ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा मास्क, पुन्हा दाढी. आजची रीत अशी.

आधी अंघोळ. मग फेस लावून तीन मिनिटं नुसता थांबलो. केस पाणी पितो, फुगतो, मऊ पडतो. दोन-तीन मिनिटांनी तो कापायला बराच कमी जोर लागतो. पाणी कोमट, कढत नाही. कढत पाण्याने कातडीवरचं तेल जातं. कार्ट्रिज ठेवून दिलं आणि एका पात्याचं, दुधारी ब्लेडचं जुन्या धाटणीचं रेझर काढलं. ब्लेड नवं कोरं. रेझरच्या वजनालाच काम करू दिलं, दाबलं नाही. लहान लहान हात, प्रत्येक हातानंतर ब्लेड धुतलं. कागदावरच्या बाणांप्रमाणे, एकदाच. कातडी ताणली नाही, कारण ताणली की केस वर येतो आणि पुन्हा तेच.

नंतर गार पाणी, टिपणं. इथून प्रयोग सुरू : डावीकडे मॉइश्चरायझर, उजवीकडे काहीच नाही. एका वेळी एकच बदल करायचा.

रात्री : डावीकडे आग ०, लाली १. उजवीकडे आग १, लाली २ आणि कातडी ताणल्यासारखी. साबणाची दाढी झाली की कातडीचं नेहमीचं सौम्य आम्लपण काही तास हरवतं, पाणीही उडत राहतं. उजव्या बाजूला ते जाणवलं. तरी सांगतो, दोन्ही बाजू गेल्या सोमवारपेक्षा कितीतरी बऱ्या.

११ फेब्रुवारी, बुधवार

प्रयोग दुसरा, कोरफड. डावीकडे कुंडीतल्या पानाचा गर, उजवीकडे बाटलीतलं हिरवं जेल.

पान कापून दहा मिनिटं उभं ठेवलं. काप दिलेल्या कडेतून पिवळा, कडवट वासाचा चीक ओघळला. तो सालीच्या लगेच खाली असतो आणि कातडीला त्रास देतो. तो निथळून गेल्यावर धुतलं आणि आतला पारदर्शक गर तेवढा घेतला. कोपराच्या आतल्या बाजूला कालच लावून पाहिला होता, काही झालं नव्हतं. कोरफडीचीही काहींना ॲलर्जी असते.

डावी बाजू गार, शांत. उजवी बाजू बाटली लावताच चुरचुरली. मागची यादी वाचली तर दुसऱ्या क्रमांकावर अल्कोहोल, पुढे सुगंध आणि हिरवा रंग. यादीत जे जास्त असतं ते आधी लिहितात, मग कोरफड पाचवी असेल तर बाटलीत काय भरलंय ते उघड आहे. बाटलीवरचं पानाचं चित्र पाहून मी ती घरात आणली होती. 'नैसर्गिक' लिहिलेल्या टी ट्री तेलाचंही तेच. काहींना त्याची ॲलर्जी होते.

रात्री गरानंतर मॉइश्चरायझर लावावंच लागलं. नुसता गर सुकला की कातडी ताणते. गर गारवा देतो, पण ओल धरून ठेवायचं काम त्याचं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चुकलो. उजव्या जबड्याखाली बोटाला खरखरीत लागलं म्हणून फेस न लावता परत दोन हात मारले. रात्री नेमका तेवढाच पट्टा लाल. आग ३. बाकी गळा ०.

इतका स्वच्छ पुरावा मला आजवर मिळाला नव्हता.

१४ फेब्रुवारी, शनिवार

डाव्या भोवऱ्यापाशी दोन पुटकुळ्यांना पू दिसला. पिवळं टोक, भोवती ऊब. त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी भिंगाने पाहिलं. केसाच्या मुळाशी जंतूंचा सौम्य संसर्ग आहे, बहुधा स्टॅफिलोकॉकसचा. पाच दिवसांसाठी अँटिबायोटिक मलम दिलं, फक्त त्या दोन जागी टेकवायला. कधी घाबरायचं तेही सांगितलं : लाली पसरत गेली, मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या, गाठ आली, ताप आला, तर वाट न पाहता यायचं. एक टॉवेल फक्त चेहऱ्याला ठेवायचा आणि रोज बदलायचा.

त्यांना माझी वही दाखवली. त्यांनी खरंच पानं उलटून वाचली. मग म्हणाल्या, "पुटकुळ्या जातील. हे जे तपकिरी ठिपके मागे राहतायत, ते जायला महिने लागतील. सावळ्या कातडीत सूज गेली की रंग मागे राहतो. ऊन लागू देऊ नका." झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन सुचवलं, ते कमी झोंबतं. आणि निघताना विचारलं, "गळा एवढा गुळगुळीत करायची खरंच गरज आहे का?"

मी म्हटलं, मास्क आहे. त्या म्हणाल्या, "मास्क गळ्यावर बसतो?"

१६ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस हा प्रश्न डोक्यात होता. आज पाळी संपल्यावर मास्क काढला आणि तसाच आरशापुढे उभा राहिलो. रबराच्या कडेची खूण कातडीवर स्पष्ट उमटलेली असते, नाकावरून सुरू होऊन गालांवरून उतरून हनुवटीच्या खालून वळलेली. रोज दिसते. रोज मी ती चोळून पुसतो.

ती खूण मिटायच्या आत फोटो काढला. घरी येऊन २ तारखेच्या फोटोशेजारी ठेवला. रबराची कड हनुवटीच्या जेमतेम खाली संपते. माझा लाल पट्टा तिथून दोन बोटं खाली सुरू होतो.

कंठमणी, त्याच्या दोन्ही बाजू, डाव्या जबड्याखालचा तो भोवरा. यांतली एकही जागा मास्कच्या कडेखाली येत नाही. आम्हाला 'क्लीन शेव्ह' सांगितलं होतं आणि मी तो शब्द कॉलरपर्यंत पाळत होतो. सगळ्यांत जास्त सोललेली जागा ही कुणालाच गुळगुळीत नको होती. फोटो बघत बराच वेळ बसून राहिलो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मनाने ठरवलं नाही. सेफ्टी ऑफिसरांना दोन्ही फोटो दाखवले आणि विचारलं, कडेच्या खालच्या गळ्यावर मिलिमीटरभर केस ठेवले तर चालेल का. त्यांनी मास्क लावायला सांगितला, बोटाने कडेभोवती फिरून पाहिलं. म्हणाले, कड आणि कड जिथे सरकू शकते तेवढी जागा रोज गुळगुळीत हवी, त्यात तडजोड नाही. हनुवटीखाली दोन बोटं राखून ठेव. त्याच्या खाली काय ठेवायचं ते तुझं. आदल्या रात्रीची दाढी चालेल का, हेही विचारलं. नाही. खुंट रातोरात वर येतात, दाढी पाळीच्या दिवशीच.

मग सील चेक. फिल्टर तळहातांनी झाकून श्वास आत ओढला, मास्क किंचित आत दबला आणि तसाच राहिला. उच्छ्वासाची झडप झाकून हलकेच श्वास सोडला, कडेतून हवा निसटली नाही. ठीक.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नवी रीत. गाल, ओठ, हनुवटी आणि खाली दोन बोटं : रेझर, बाणांच्या दिशेने, एक हात. उरलेला गळा : ट्रिमर, सुमारे एक मिलिमीटर. ट्रिमर कातडीवर दाबायचा नाही, नुसता तरंगत न्यायचा.

आग ०, लाली ०, पुटकुळ्या २. शून्य लाली पहिल्यांदा लिहिली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ब्लेडविषयी थोडं. कितव्या दाढीला बदलायचं ते ठरवत होतो. सहाव्या दाढीला ओढल्यासारखं वाटायला लागलं. पोलाद केसाच्या पन्नासपट कठीण असतं, मग केसाने ते बोथट कसं होतं? एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. नुसती झीज होत नाही, धारेचे बारीक टवके उडतात. कापताना केस वाकतो, आणि धारेवर पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथे ताण एकवटून टवका निघतो. टवके गेलेली धार म्हणजे करवत. पाच दाढ्या झाल्या की ब्लेड बदलायचं, हे माझ्यापुरतं पक्कं केलं. वापरून झालं की झटकून, कोरड्या जागी उभं ठेवायचं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

कामावर एक गोष्ट जवळजवळ बिघडली. निघायच्या पाच मिनिटं आधी मॉइश्चरायझर जाडसर लावलं. मास्क लावला तर हनुवटीवर सरकत होता, सील चेकमध्ये डावीकडून हवा निसटली. उतरवला, तोंड धुतलं, मास्कची कड पुसली, मग बसला. मऊ कातडीसाठी फुफ्फुसं पणाला लावायची नाहीत, हे मोठ्या अक्षरांत लिहितोय.

यापुढे दाढी निघण्याच्या तासभर आधी. क्रीम पातळ, आणि कडेच्या जागेवर मास्क लावण्याआधी साध्या कोरड्या फडक्याने टिपणं. जाड मलम, म्हणजे पेट्रोलियम जेली वगैरे, फक्त रात्री. ओल अडवण्यात ती सगळ्यांच्या पुढे, पण कडेखाली ती निसरडी. संध्याकाळी मास्क काढला की आधी साध्या पाण्याने चेहरा धुवायचा. दिवसभराचा घाम त्या कडेखाली साचून असतो.

४ मार्च, बुधवार

आग ०, लाली ०, पुटकुळ्या ०. भोवऱ्यावर हात फिरवला, सपाट. तपकिरी ठिपके आहेत तसेच. नवं काही नाही.

सहकारी डॉक्टरांकडे जाऊन आला. स्टेरॉइड हळूहळू उतरवायला सांगितलंय. पहिला आठवडा त्याला फार जड गेला, गाल लालभडक झाले होते. आज म्हणाला, थंड फडकं चालतं का रे यावर? चालतं म्हटलं, आणि डॉक्टरांनी दिलेलं क्रीम सोडून दुसरं काही लावू नकोस.

१५ मार्च, रविवार

मुलगा सोळा वर्षांचा आहे. गेले दोन महिने ओठावर आणि हनुवटीवर केस येतायत. आज दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, मलाही करायचीय."

माझ्या पहिल्या दाढीला कुणी शेजारी नव्हतं. रेझर उचलला आणि वडील करायचे तसं खालून वर फिरवलं, इतकंच. त्याला आधी खुर्चीवर बसवलं, कोरा कागद दिला. "डोळे मिट. बोटं फिरव. मऊ कुठे लागतं सांग." तो बाण काढत गेला. गालावर अजून काही नाहीच. हनुवटीखाली थोडे आहेत, तिथे त्याचे बाण डावीकडे झुकलेत. गळ्यावर भोवरा नाही. मी दोनदा तपासलं.

मुरमं असलेल्या जागा टाळायच्या, त्यांच्यावरून पातं न्यायचं नाही, हे त्याला आधीच सांगितलं. तीन मिनिटं फेस लावून थांबला, घड्याळाकडे बघत. मी हाताला हात लावला नाही, फक्त "दाबू नकोस" म्हणत होतो. शेवटी हनुवटीच्या कडेला मनगट वळलं आणि बारीक छेद गेला. रक्ताचा थेंब आला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

गार पाणी. तुरटीचं टोक ओलं करून फक्त त्या थेंबावर टेकवलं. झोंबलं तेव्हा त्याने माझं मनगट घट्ट धरलं. रक्त थांबलं, तुरटी धुऊन टाकली, बाकी चेहऱ्याला माझंच साधं क्रीम.

रात्री ८ वाजता त्याला दिव्याखाली उभं करून फोटो काढला. आग ०, लाली ०, छेद १. गुण त्यानेच सांगितले, मी लिहिले.